सहा अंश पुढे

४ फेब्रुवारी

खटपटे,

पार्सल जपून उघड. आत दोन डबे आहेत. त्यांच्या तारा मी कापलेल्या नाहीत, एकेक करून सोडवल्या आहेत आणि त्याला दोन दिवस गेले आहेत, तेव्हा ओढाताण नको.

जाडी बंद पडली. आमची एक्स-रेची गाडी ग, जिच्या शिशाच्या दाराआड तू सुट्टीत लपून बसायचीस आणि फोटोवाल्या बाई तुला हाकलायच्या. छतातून पाणी झिरपलं ते नेमकं ड्रायव्हरच्या सीटखालच्या डब्यात उतरलं. तू त्याला ईसीयू म्हणतेस, मी डबा म्हणते. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे तो ठरवतो, एवढं दोघींना पुरे. आता तो काहीच ठरवत नाही. दुसरा डबा तिच्या जोडीच्या गाडीचा. ती गाडी कधीच भंगारात गेली. तोही जळका निघाला, पण तुझ्या काही कामाला आला तर बघ.

कंपनीला लिहिलं होतं. असं मॉडेल आपण कधी काढलं होतं यावरच त्यांचा विश्वास बसेना.

आमच्या खात्याच्या साहेबांनी ३० मे ही तारीख दिली आहे. त्या दिवशी जाडीने सगळं वजन घेऊन खाणीची चढण एका दमात चढून दाखवायची. नाही चढली तर लिलाव. मग वरच्या चार वस्त्यांतल्या लोकांनी छातीचा फोटो काढायला चाळीस किलोमीटर खाली यायचं. ते येणार नाहीत. दगडाची धूळ खाऊन खोकणारा माणूस खोकल्यासाठी कामाचा दिवस मोडत नाही, आपण त्याच्या दारात जावं लागतं. मागच्या वर्षी बाईंनी तिथल्या सत्तावीस जणांचं दुखणं वेळेवर पकडलं. त्यामुळे जाडी चढलीच पाहिजे.

फोन करू नकोस. इथल्या ठोकाठोकीत आकडे ऐकू येत नाहीत, आणि फोनवर सांगितलेलं दुसऱ्या दिवशी सापडत नाही. तुझ्या बापाला वेगळं पत्र टाकलंय. पाकिटावर नेहमीसारखं 'श्री. सहाअंश' असंच लिहिलंय. पोस्टमनला आता सवय झाली असेल.

तुझी आत्या

१२ फेब्रुवारी

आत्या,

तारा लोंबणारे दोन डबे बघून आमच्या रखवालदाराने मला गेटवर वीस मिनिटं बसवून ठेवलं. शेवटी मी त्याला पेचकस मागितला आणि त्याच्यासमोरच उघडून दाखवले. आता रोज विचारतो, तुमच्या आत्याच्या गाडीचं काय झालं.

दोन्ही डब्यांच्या आतल्या सर्किटच्या पाट्या कामातून गेल्यात. तुझ्या डब्यात बुरा चढलाय, जोडीचा तर कोळसा झालाय. पण दोन्हींच्या चिपा शाबूत वाटतात. म्हणजे डब्याचं डोकं शिल्लक आहे, हातपाय गेलेत.

आता दोन वाटा आहेत. एक, जुना उकलायचा. चिप वाचायची, कुठला आकडा कशासाठी आहे ते शोधायचं आणि जशीच्या तशी नक्कल करायची. दोन, नवा बांधायचा. पाटी माझी, प्रोग्राम माझा, आकडे गाडीच्या पुस्तकातून घेतलेले.

माझं मत नव्याला. तुझ्या चिपेत बत्तीस हजार सातशे अडुसष्ट आकडे आहेत आणि एकावरही चिठ्ठी नाही. दिवे गेलेल्या परक्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा शोधण्यातला प्रकार. नवा बांधला की प्रत्येक आकडा का आहे ते मला माहीत असेल. पुढे काही बिघडलं तर पाच मिनिटांत सांगेन. आणि तीन महिने नाही, पाच आठवडे लागतील.

मला एवढं कळव: कुठले कुठले सेन्सर आहेत, आणि पुलीमागच्या दातेरी चाकाला किती दाते आहेत? ते दाते मोजूनच डब्याला कळतं की इंजिन फिरत फिरत कुठे आलंय. उघडून मोजलेस तर बरं.

खटपटी

२० फेब्रुवारी

खटपटे,

साठ जागा, अठ्ठावन्न दाते. दोन मुद्दाम गाळलेले, तिथून डबा मोजायला लागतो. उघडून मोजायची गरज नाही, ते चाक मीच बसवलंय. सेन्सरांची यादी सोबत आहे.

बांध बाई नवा. तुझे हात शिवशिवताहेत ते मला इथून दिसतंय. पण माझी एक अट आहे. जुनाही वाच. त्यातल्या मिठावर जाडी चोवीस वर्षं जगली आहे. कुठे चिमूटभर कमी टाकलं, कुठे जास्त, आणि का, हे पुस्तकात नसतं. नवीन आल्या आल्या जुन्याला मूर्ख ठरवायची घाई करू नये.

आणि जुन्या चिपेत तुझ्या बापाचं कर्तृत्व आहे, ते तरी बघ. तुला ही गोष्ट अर्धीच माहीत असेल. मी तेव्हा चौतीस वर्षांची. वर्कशॉपात बाई म्हणून मी एकटी, आणि तुझा बाप माझ्याच शब्दावर तिथे लागलेला. वर्कशॉप ज्यांच्या हुकमावर चालायचं त्या उस्तादांनी पहिल्यांदाच एक अख्खं इंजिन माझ्या एकटीवर सोपवलं, ते जाडीचं. त्याच आठवड्यात तिचा डबा बदलायचा होता, तो तुझ्या बापाने बसवला. सगळं जोडून चालू केलं, ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा पुलीवरच्या खुणेवर धरून बघितलं तर ठिणगी सहा अंश पुढे. लवकर पडत होती. उस्ताद कमरेवर हात ठेवून म्हणाले, इंजिन तिचं, डबा त्याचा, दोघांपैकी एक चुकलंय. तेवढ्यात तुझा बाप पुढे झाला आणि म्हणाला, "माझीच चूक. दुरुस्त करतो." जेवणाच्या सुट्टीत चिप घेऊन गेला, परत आला, दिवा खुणेवर.

त्यानंतर उस्तादांनी त्याला डब्याला हात लावू दिला नाही. वर्षभर नटबोल्ट धूत बसला आणि मग सोडून गेला. मी तेव्हा त्याला म्हणाले होते, बरं झालं, यातून शिकशील. तेव्हापासून तो माझा सहाअंश. माणूस गुणी आहे, पण घाई करतो. तू करू नकोस.

तुझी आत्या

१८ मार्च

आत्या,

हा घे नवा डबा. खोकं जेवणाच्या डब्याचंच आहे, नीट बसलं म्हणून वापरलं. झाकणाखाली रबर लावलंय, आता छत गळलं तरी हरकत नाही.

टेबलावर मी त्याला खोटं चाक दाखवून आठ तास पळवलाय. एकदाही मोजणी चुकली नाही. आधी रिकामी गाडी फिरव, मग वजन टाक. दिवा लावून ठिणगी तेवढी तपास. डबा स्वतः काय म्हणतो ते छोट्या पडद्यावर दिसेल.

जुन्या चिपेला अजून हात लावलेला नाही. अट विसरले नाहीये, पण आधी हा चालतोय का बघू. रखवालदाराने तुला नमस्कार सांगितलाय.

खटपटी

२७ मार्च

खटपटे,

पहिल्या किल्लीला चालू झाली. फोटोवाल्या बाई टाळ्या वाजवत बाहेर आल्या. सपाटीवर तर जाडी अशी पळते की तिला जाडी म्हणायची लाज वाटावी. पेट्रोलही कमी खाते.

पण चढणीवर ठोके. वजन टाकलं, दुसऱ्या वळणाला पोचलो आणि इंजिनातून पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज. मी तिथूनच फिरवली. असं चढवत राहिलं तर पिस्टन जातील.

खाली येऊन दिवा लावला. तुझा डबा म्हणतो ठिणगी दहा अंशांवर पडतेय. पुलीवरची खूण म्हणते सोळावर. म्हणजे किती पुढे? तूच वजाबाकी कर. मला तर हसावं की रडावं कळेना. बापाचाच आकडा लेकीने उचलला. चूक इतकी नेमकी रक्तातून उतरते हे मला माहीत नव्हतं.

रागावले नाहीये. शोध कुठे माशी शिंकली ते. दोन महिने आहेत.

तुझी आत्या

५ एप्रिल

आत्या,

चार दिवस डबा सोडून दुसरं काही केलेलं नाही. तोच प्रोग्राम घालून दुसरी पाटी बनवली, ऑफिसातल्या दोघांकडून वेगवेगळं तपासून घेतलं. सोबत चार पानं जोडली आहेत, आकृत्यांसकट. ती वाचायचा कंटाळा आला तर एवढंच वाच: डबा बरोबर आहे.

आता रागावू नकोस. डबा चाकाचे दाते मोजतो. दिवा पुलीची खूण बघतो. दोघांच्या म्हणण्यात सहा अंशांचा फरक. पूर्ण फेरा तीनशे साठ अंशांचा आणि जागा साठ, म्हणजे सहा अंश म्हणजे नेमका एक दाता. पाच नाही, सात नाही. चाक एक दाता पुढे बसलेलं असेल का? पुली काढून एकदा बघशील?

खटपटी

१३ एप्रिल

खटपटे,

चार पानं वाचली. आकृत्या छान काढल्या आहेस.

चाक सरकलेलं नाही. त्याला जागेवर धरणारी लोखंडी चावी झिजली होती म्हणून मी क्रँकच्या खाचेसमोर पिवळी खूण करून, तीनदा बघून बसवलंय. नाचता येईना अंगण वाकडं, असं माझ्या हाताखालच्या सहा जणांना मी रोज म्हणते, आता भाचीला म्हणायची वेळ आली. पुली काढायची म्हणजे पुढचा अर्धा भाग उतरवायचा. तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

माझ्या हातचं इंजिन एकदाही परत आलेलं नाही. जुनी चिप वाच म्हटलं होतं ना? वाच.

आत्या

१९ एप्रिल

बाबा,

आईला सांगा मी व्यवस्थित जेवते आहे. हे पत्र मात्र तुमच्या एकट्यासाठी आहे, दुकानात वाचा.

आत्याच्या गाडीची जुनी चिप मी वाचली. आधी नुसते आकड्यांचे ढीग होते. मग सगळे चौकटी चौकटीच्या कागदावर छापून रंगवले, मोठा आकडा लाल, लहान निळा. तिसऱ्या दिवशी भिंतीवर एक टेकडी दिसायला लागली. एका बाजूने इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूने भार, आणि प्रत्येक घरात ठिणगीचा आकडा. इतका आनंद झाला की मी रखवालदाराला बोलावून दाखवली.

मग जोडीच्या गाडीची चिप वाचली. तीच टेकडी, त्याच जागी. फक्त सगळी सहाने उंच. एकशे ब्याण्णव घरं, आणि आत्याच्या चिपेत प्रत्येक घरात बरोबर सहा कमी. जोडीच्या चिपेतले आकडे पुस्तकाशी जुळतात, आत्याच्या चिपेतले नाहीत. चिपेच्या शेवटी सगळ्यांची बेरीज असते, ती जुळली नाही तर डबा चालूच होत नाही. आत्याच्या चिपेत ती बेरीजही कोणीतरी पुन्हा करून लिहिली आहे. म्हणजे हे आपोआप झालेलं नाही, बसून केलेलं आहे.

बाबा, आत्या सांगते की डब्यात चूक होती आणि तुम्ही ती काढलीत. पण चूक काढली असती तर आकडे पुस्तकाशी जुळले असते. तुम्ही बरोबर असलेला डबा घेतलात आणि मुद्दाम सहाने चुकवलात. का, ते मला कळलंय असं वाटतं. तरी तुमच्याकडून ऐकायचंय.

तुमची खटपटी

२४ एप्रिल

बाळा,

पत्र दोनदा वाचलं. दुकान अर्धा तास बंद ठेवलं.

टेकडी सापडली म्हणतेस, मला फार बरं वाटलं. मला ती सापडायला तीन आठवडे लागले होते, पेन्सिलीने. हौस म्हणून शोधून ठेवली होती, म्हणून त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काम झालं. एकशे ब्याण्णव वजाबाक्या आणि एक बेरीज. बेरीज पहिल्यांदा चुकली होती.

तुझं बरोबर आहे. डबा मी बसवण्याआधी तीनदा तपासला होता. दिवा सहा दाखवायला लागला तेव्हाच मी ओळखलं की चाक एक दाता चुकलंय. पण चाक काढायचं म्हणजे दोन दिवस, सगळ्या वर्कशॉपसमोर. उस्ताद तेवढीच वाट बघत होते. ताईच्या हाती इंजिन द्यायला त्यांना वरून सांगितलं होतं, मनातून नाही. ती चुकली असती तर पुन्हा तिच्या हातात झाडूच आला असता. माझ्याकडे दुसरं काहीतरी होतं, तिच्याकडे तेवढंच होतं. मी फार विचार केला नाही. तोंडातून निघून गेलं, माझीच चूक.

नंतर तिने चिडवायला सुरुवात केली आणि सांगायची वेळ टळत गेली. नटबोल्ट धुतले त्याचं मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. तिचं ते 'बरं झालं' जास्त लागलं. पण मग हे रेडिओचं दुकान झालं, आणि त्या टेबलाखाली बसून तू शिकलीस. नुकसान झालं असं मी म्हणणार नाही.

आता ती हेड मेकॅनिक आहे. हाताखाली सहा माणसं आहेत. साठीला आलेल्या बाईच्या हातून तिचं पहिलं इंजिन काढून घ्यायचं नाही. तुझ्या डब्यात सहा वजा कर आणि अळीमिळी गुपचिळी. गाडी चढली म्हणजे झालं.

बाबा

२९ एप्रिल

आत्या,

तू म्हणालीस तेच खरं. माझीच चूक होती. दुरुस्त केली. डबा सोबत पाठवते आहे, आता दिवा खुणेवर येईल आणि चढणीवर ठोके येणार नाहीत. जुनी चिप वाचली, त्यात विशेष काही नाही.

खटपटी

९ मे

खटपटे,

डबा मिळाला. लावला. दिवा खुणेवर आला, ठोके बंद, वजन घेऊन पाचव्या वळणापर्यंत जाऊन आलो. फोटोवाल्या बाई खूश आहेत.

तोच डबा परत पाठवते आहे. त्यात जे सहा कमी केलेस ते परत मिळव आणि होता तसा करून दे. आठवड्याच्या आत पोचला पाहिजे. कारण विचारू नकोस आणि बापाला एक अक्षर कळवू नकोस. अळीमिळी गुपचिळी तुम्हा दोघांनाच येते असं नाही.

आत्या

१ जून

भावड्या,

कशी आहेस, बरी आहेस ना, हे तू विचारशील म्हणून आधीच सांगते, गुडघे दुखताहेत. गाडीखालच्या खड्ड्यात उतरले होते.

तुझी लेक तुझ्यासारखीच खोटं बोलते, कमी शब्दांत. ती बरोबर असते तेव्हा चार पानं भांडते आणि आकृत्या काढते. चूक झाली असती तर आठ पानं लिहिली असती, कुठली तार, कुठला आकडा, कुणी पकडली, रखवालदार काय म्हणाला. आणि मला आलं काय, तर चार ओळींची चिठ्ठी. माझीच चूक होती, दुरुस्त केली. हे शब्द मी आधी ऐकले होते. कुणाकडून ते आठवायला चहा निम्मा होईपर्यंतचाही वेळ लागला नाही. वर लिहिते, जुन्या चिपेत विशेष काही नाही. ज्या पोरीला उडालेल्या फ्यूजमध्येही विशेष सापडतं, तिला चोवीस वर्षांच्या चिपेत काही सापडलं नाही.

तरी मी दोन दिवस काढले. स्वतःलाच सांगत होते, दोन वेगळे डबे, दोन वेगळी माणसं, दोघेही बरोबर सहानेच चुकले, असू शकतं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना दुसऱ्या कामाला लावून पुढचा भाग उतरवला, पुली काढली, मागचा पत्रा काढला. आधी वरून वाकून बघितलं, तेव्हा बघितलं होतं तसंच. पिवळी खूण अगदी खाचेसमोर. जीव भांड्यात पडला. मग वाटलं, इतकं उतरवलंय तर खालूनही बघू.

खालून समोर बघितलं तर खूण शेजारच्या दात्यावर. मी तशीच पाठीवर पडून राहिले. वरून तिरकं दिसतं रे, आणि त्या वेळी मला खड्ड्यात उतरू देत नव्हते. बाईमाणूस गाडीखाली आडवं पडलेलं उस्तादांना चालायचं नाही. नंतर हजार वेळा उतरले, पण तो पत्रा काढून बघावं असं कधी मनात आलं नाही. खात्री होती ना.

राग आला. पहिला तुझा आला. सांगितलं असतंस तर मी दोन दिवस रडले असते, चाक काढून पुन्हा बसवलं असतं, उस्तादांनी चार शब्द सुनावले असते आणि मी ऐकून घेतले असते. मी इतकी नाजूक होते असं तुला का वाटलं? मग आठवलं की मी होते. त्या वर्षी मी टेकायला आले होते आणि ते फक्त तुला माहीत होतं. ते आठवल्यावर दुसरंही आठवलं. तू नटबोल्ट धूत होतास, हात केरोसिनने सोलवटलेले, आणि मी शेजारी उभी राहून म्हणाले, बरं झालं, यातून शिकशील. भावड्या, त्या वाक्याची मला फार लाज वाटते. चोवीस वर्षांनी का होईना, ते मी परत घेते.

उस्ताद आता नाहीत, नाहीतर त्यांच्या दारात जाऊन सांगितलं असतं. म्हणून हाताखालच्या सहाही जणांना बोलावलं. एकेकाला खड्ड्यात उतरवलं, बॅटरी हातात दिली आणि म्हटलं, बघा, हे माझ्या हातचं. पाच जण बघून वर आले. सहावी, आमची वेल्डिंगवाली, तिने विचारलं, मग इतकी वर्षं चाललं कसं? मी म्हटलं, माझ्या भावाने एकशे ब्याण्णव आकडे बदलून चालवलं, आणि नाव स्वतःचं लावलं. आकडा मला तुझ्या लेकीने सांगितला. डबा परत पाठवताना तिच्या पोटात राहिलं नाही, आठ पानं आली.

चाक मीच काढलं, मीच बसवलं, खालून बघून. नवी खूण पांढरी केली. डबा पुस्तकातल्या आकड्यांवर आला, कुठे सहा मिळवायला नकोत की वजा करायला नकोत. दिवा लावला आणि वेल्डिंगवालीला वाचायला सांगितलं, कारण माझे डोळे त्या वेळी कामाचे नव्हते. ती म्हणाली, खुणेवर.

परवा चढण झाली. साहेब पुढे बसले, फोटोवाल्या बाई मागे, शिशाच्या भिंती, यंत्र, दोन पिंपं पाणी, सगळं. जाडी एका दमात वर गेली, एकही ठोका नाही. साहेबांनी तिथेच कागदावर सही केली, पाच वर्षांसाठी. वरच्या वस्तीत लोक आपोआप रांगेला लागले. बाई म्हणाल्या, आलोच आहोत तर फोटो काढून टाकू. चौदा काढले.

तू ये. पुढच्या फेरीला तुला पुढच्या सीटवर बसवून वर नेते. जुनी चिप तुझ्यासाठी ठेवली आहे. तिला आता काम नाही, पण ती फेकायची नाही असं मी सगळ्यांना बजावलंय.

एक राहिलं. पाकीट हातात घेतलंस तेव्हा लक्षात आलं असेल. पोस्टमन गोंधळला तर त्याला सांग की पत्ता बरोबर आहे, फक्त नाव या वेळी पाठवणाऱ्याच्या जागी गेलंय.

तुझी ताई,
सहाअंश